अम्मींची खुर्ची आणि वीस लिटरचा ड्रम

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन बामणोलीला गेलो आणि दोन रात्री तंबूत राहून आलो. सांगलीतून आठ जण, साताऱ्यातून मामू, मुमानी आणि त्यांचा मुलगा. परत आल्यापासून मोहल्ल्यात एकच प्रश्न ऐकतो आहोत, ‘‘सत्तरी ओलांडलेल्या बाईला घेऊन तंबूत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?’’ यंदाच्या सुट्टीत जाणाऱ्या वाचकांनीही विचारणा केली आहे. म्हणून या महिन्यात तेवढेच लिहितो.

सुरुवात मात्र त्याच्या दोन वर्षे आधीपासून करावी लागेल. त्या वेळी आम्ही महाबळेश्वरला निघालो होतो. पसरणी घाट चढताना अम्मींना घेरी आली. ओठ कोरडे, हात थंड. गाडी वळवून वाईला दवाखान्यात नेले, सलाईन लावावी लागली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘सकाळपासून पाणी किती प्यायल्या?’’ फजरच्या वेळी अर्धा ग्लास, एवढेच. मधुमेहाच्या गोळ्या चालू, वर ऊन आणि पाच तास पाणी नाही. आम्ही रागावलो तर म्हणाल्या, ‘‘बार बार गाडी थांबाव बोलना अच्छा लगता क्या? ड्रायवर है, जमाई है.’’

त्या दिवशी आमची आम्हालाच लाज वाटली. कारण ही गोष्ट एकट्या अम्मींची नव्हती. गाडीतल्या इतर बायकांना विचारले तेव्हा कळले की प्रवासाच्या दिवशी पाणी न पिण्याचा नियम सगळ्याच पाळतात. लग्नाला जाताना पाळतात, मिरजेच्या उरुसाला येताना पाळतात. पुरुषांना हे माहीत नसते, कारण पुरुष रस्त्याच्या कडेला उतरून मोकळे होतात. लघवी तासन्तास रोखून धरली, पाणी कमी प्यायले की जळजळ आणि ताप मागे लागतो, आणि मधुमेह असलेल्यांना तो लवकर लागतो. तेव्हा सहलीचा बेत मुक्कामाच्या गावापासून न आखता संडासापासून आखावा, असे आमचे मत झाले आहे. ऐकायला बरे वाटत नाही, पण आहे हे असे आहे.

2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर: पलंग, ओटा, फ्रिज आणि संडास गाडीतच. परदेशात लोक अशा गाड्यांतून महिनोन्महिने राहतात. आम्हीही चौकशी केली. भाडे ऐकून फोन ठेवला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. त्या गाडीतली आम्हाला खरोखर हवी असलेली वस्तू एकच होती, आणि ती सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. आजारी माणसांसाठीची कमोड खुर्ची, घडी होणारी, खाली डबा असलेली. ती घेतली. चार बांबू, दोन जाड चादरी, सुतळी, एक फावडे आणि राखेची पिशवी, झाले न्हाणीघर. खड्डा हातभर खोल, पाण्यापासून शंभर पावले तरी लांब, आणि वापर झाला की वर राख, मग माती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाण्याच्या जागी, वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करण्यास सक्त मनाई केली आहे. हदीसमधला हा हुकूम आपण लहानपणी पाठ करतो, पण शिवसागरच्या काठावर इतरांनी टाकलेले लंगोट आणि बाटल्या पाहिल्या की त्याचा अर्थ जास्त कळतो.

गाडी ठरवताना काय विचारायचे तेही सांगतो. बहुतेक मालक दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे भाडे लावतात, गाडी तुम्ही उभी ठेवा की पळवा. म्हणजे दोन दिवस तंबूशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीचेही पैसे पडतात. ‘‘सोडून या, तिसऱ्या दिवशी न्यायला या,’’ असे ठरवता येते का ते आधी विचारावे. आम्ही विचारले नाही, पैसे गेले. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, रात्रीचा आकार हे सगळे कागदावर लिहून घ्यावे. आणि नमाजला गाडी थांबेल हे पहिल्याच दिवशी सांगावे, ऐन वेळी मागून ओरडू नये. आमचे ड्रायव्हरभाऊ विटा भागातले, पांडुरंगाचे माळकरी. त्यांनी स्वतःच वेळा विचारून घेतल्या आणि दुपारी कराडच्या अलीकडे नळ असलेली जागा बघून गाडी उभी केली.

तंबूची जागा ठरवताना एक प्रकार झाला. पहिल्या ठिकाणी फोन केला तेव्हा जागा होती. नाव सांगितले, दोन मिनिटांनी परत फोन आला की जागा भरली. याचा अर्थ वाचकांना समजावायला नको. वाईट वाटले, मुलांपुढे ते लपवताही आले नाही. थोरली म्हणाली, ‘‘दुसऱ्यांदा नाव सांगू नका ना.’’ आम्ही दुसऱ्या फोनला सर्वांत आधी नावच सांगितले. पलीकडून विचारणा झाली ती एवढीच, ‘‘माणसं किती आणि त्यात म्हातारी किती? म्हणजे तंबू खालच्या अंगाला देऊ का वर, ते बघतो.’’ तिथेच गेलो.

मटणाचे मात्र स्पष्ट विचारून घ्यावे. गाडीच्या मालकाने गाडीत मांसाहार शिजवायचा नाही म्हणून सांगितले होते. ते आम्हाला पटले, वास आठ दिवस जात नाही. खिमा घरच्या खाटकाकडून आणून आदल्या रात्रीच कोरडा परतून नेला होता, तो पहिल्या जेवणाला संपवला. बर्फाच्या डब्यावर फार भरवसा ठेवू नये. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी निघाली. तंबूवाल्यांच्या घरी उपास, त्यामुळे आम्ही खिचडी, कांद्याची चटणी आणि पापड करून भागवले. त्यांनी वरीचा भात पाठवला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सांगलीचे भडंग आणि उकडलेली अंडी एवढे असले की सफरीत कुणी उपाशी राहत नाही. आमच्याकडे मसाल्यांचा डबा आला, माचिस राहिली.

आता पाण्याचा हिशेब. शाळेत एकदा नळाखाली बादली ठेवून एका मुलाचे वुजू मोजले होते, सात लिटर भरले. प्रेषित (स.) एका ‘मुद’ पाण्यात वुजू करत. मुद म्हणजे आपल्या मापाने पाऊण लिटरच्या आत. तोटीच्या बधन्याने केले तर एका लिटरमध्ये आरामात होते, आम्ही करून पाहिले. आठ नमाजी, पाच वेळा, म्हणजे चाळीस लिटर. नळाच्या हिशेबाने हेच दोनशे ऐंशी होते. पिण्याचे माणशी तीन लिटर वेगळे. तोटी लावलेले वीस लिटरचे तीन ड्रम घरून भरून नेले, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकीचे तंबूवाल्यांच्या टाकीतून.

कासला मात्र आमच्याकडून चूक होता होता राहिली. फुलांचा हंगाम संपला होता, पठार पिवळे पडले होते, गर्दी नव्हती. कास पठार पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. तिथे चूल मांडायची नाही, तंबू ठोकायचा नाही, हे आम्हाला माहीत होते. म्हणून पुढे तलावापाशी थांबून डबे खाल्ले. भाभींनी खरकटी भांडी आणि साबण घेऊन काठाकडे पाऊल टाकले, तोच मामू जागेवरून उठले. एरवी मामू मोठ्याने बोलत नाहीत. म्हणाले, ‘‘बेटी, ये हमारा नल है.’’ खरेच आहे. साताऱ्यातले कितीतरी लोक याच तलावाचे पाणी पितात. त्यांच्या मुलाबाळांच्या ग्लासात आम्ही खिम्याचे तूप सोडणार होतो. भांडी वर्तमानपत्राने पुसली, पोत्यात भरली आणि बामणोलीला, पाण्यापासून दूर, धुतली.

नमाजेचे प्रश्न सफरीत जास्त निघतात, आणि आमच्या गाडीत तर दोन गावचे लोक. हनफी मतानुसार साधारण 77-78 किलोमीटर किंवा त्याहून लांबच्या सफरीला निघाले आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असला की कसर, म्हणजे जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच. सांगलीहून बामणोली दीडशे किलोमीटरच्या आसपास, आम्ही मुसाफिर. साताऱ्याहून ते पस्तीस-चाळीस, तेव्हा मामू मुकीम. एकाच सतरंजीवर दोन हिशेब! मामूंनी इमामत केली तेव्हा त्यांच्यामागे आम्हीही चार पढलो. दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकाने केली, दोनवर सलाम फिरवला, मामू आणि त्यांचा मुलगा उठून आपले उरलेले दोन पुरे करू लागले. धाकट्याला वाटले मामू चुकले. त्याने त्यांचा सदरा ओढला. इमामाने आधीच सांगून ठेवले असते की आम्ही मुसाफिर आहोत, तर हा गोंधळ झाला नसता. कोकणातल्या शाफई कुटुंबांत जुहर-असर एकत्र करण्याची सवलत आहे. ती बघून आपणही तसे करू नये, शंका असेल तर आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारून निघावे.

किब्ल्याची दिशा मुलांनी चुकवली. ‘सूर्य मावळतो तिकडे’ हे त्यांना पाठ. आपल्या भागातून किब्ला बरोबर पश्चिमेला नसून सुमारे बारा अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य त्याच बाजूला मावळतो, तेव्हा हिशेब जमतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, त्यामुळे मावळतीकडे तोंड केले की किब्ला तीस अंश उजवीकडे राहतो. मोबाईलला तिथे रेंज नव्हती. साधे होकायंत्र पन्नास-शंभर रुपयांत मिळते, ते जानमाजच्या पिशवीत असावे.

थंडीची गोष्ट निघाली की आमच्या घरात अजून हसतात. समोर शिवसागरचे पाणी पसरलेले आणि फजरला धाकटा विचारतो, ‘‘तयम्मुम चालेल का?’’ चालत नाही हे सांगितले, पाणी कोमट करून दिले. चामड्याचे मोजे असतील तर मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यावर मसाह करता येतो. नेहमीच्या पातळ सुती मोज्यांवर नाही.

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट त्याच रात्रीची. मुलांनी निखाऱ्यांची शेगडी उचलून तंबूत नेली आणि चेन लावून घेतली. अम्मी वुजूसाठी उठल्या होत्या, त्यांना धगीचा वास आला म्हणून कळले. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस खोकतही नाही, उठतच नाही. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका. झोपण्याआधी विस्तव विझवावा हा प्रेषितांचा (स.) आदेश आम्ही मुलांना घरी शंभर वेळा सांगितला असेल, पण तंबूत तो आम्हालाच आठवला नाही. शेगडी बाहेर काढून पाणी ओतले. नंतर बराच वेळ कुणाला झोप लागली नाही.

रात्रीचा मुक्काम वाटेपासून बाजूला करावा, कारण रात्री त्याच वाटेने जनावरे आणि सरपटणारे जीव फिरतात, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. बामणोलीच्या समोरचा काठ कोयना अभयारण्याचा, तो भाग 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. खरकटे तंबूजवळ ठेवले तर रानडुकरे येतात. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

आणखी एक, बहिणींना समजेल असे. उघड्यावर जमात उभी राहते तेव्हा कोण उभे राहिले नाही हे सगळ्यांना दिसते. घरात ते दिसत नाही. आमची थोरली त्या दिवसांत होती, आणि तिच्या चुलतभावाने मोठ्याने विचारलेच. मुमानींनी तिला पटकन चुलीकडे बोलावून घेतले. मुलग्यांना हे घरातून निघण्यापूर्वी शिकवावे. वापरलेले कापड किंवा पॅड ठेवायला झाकणाचा काळा डबा वेगळा न्यावा आणि तो घरी परत आणावा.

तीन माणसे सफरीला निघाली तरी एकाला अमीर करावे म्हणतात. आमचे अमीर मामू होते. पण दर दीड तासाला गाडी थांबवण्याचा हुकूम अम्मींच्या हातात दिला होता, आणि त्यांनी तो पुरेपूर वापरला. येताना पेठनाक्यापर्यंत चार वेळा थांबलो. पाण्याची बाटली दोनदा भरून घेतली. साताऱ्यात कंदी पेढे घेताना त्या स्वतः उतरल्या आणि मधुमेहाचा विषय कुणी काढू नये म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून एक खाल्ला.

खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली होती. महिनाभरात मुमानींनी निरोप धाडून मागून घेतली, त्यांच्या बहिणीच्या घरचे वऱ्हाड सोलापूरला जायचे होते. तिथून ती आणखी कुणीतरी नेली आहे. डबा बदलून घ्यावा लागेल, झाकण सैल झाले आहे.