अंगण खरंच वाकडं होतं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ऑनलाइन गिटार मागवली. २,१९९ रुपये. सोबत कापडी बॅग, पट्टा, तीन पिक, तारांचा एक जादा सेट आणि शिकायचं पुस्तक फुकट. फुकटच्या वस्तूंची यादी गिटारच्या वर्णनापेक्षा लांब होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

पैसे पाठवताना बाबा सांगलीहून फोनवर म्हणाले, "आत्ता शिकतोयस ना, मग स्वस्तातली घे. टिकलास तर चांगली बघू." हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. माझं भांडण या वाक्याशी आहे.

तीन महिने मी एफ कॉर्ड धरायचा प्रयत्न केला. बोटांना तारांचे वळ पडायचे, तरी सहापैकी दोन तारा मुक्याच. ट्यूनर ॲपवर सुट्या तारा अगदी बरोबर लागलेल्या असायच्या, पण कॉर्ड वाजवला की बेसूर. रूममेट हेडफोन लावून बसायचा. मग गिटार कपाटावर गेली आणि बाबांनी निकाल दिला, "आपल्याकडे कुणालाच गाण्याचा कान नाही रे." मला तो पटला. नाचता येईना अंगण वाकडे, हे आपण लहानपणापासून एवढं ऐकलेलं असतं की अंगणाला दोरी लावून बघायचं कुणाला सुचतच नाही.

मला सुचायला सात वर्षं लागली. मागच्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी त्याची गिटार सहज हातात घेतली आणि एफ वाजला. पहिल्याच झटक्यात, सहाही तारांसकट. आनंद झाला असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर राग आला.

घरी येऊन कपाटावरची गिटार काढली आणि स्टीलची पट्टी घेतली. बाराव्या फ्रेटवर तार फ्रेटपासून साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर असावी. माझी पाच होती. वरच्या टोकाच्या नटमधल्या खाचा नीट खोल कापलेल्याच नव्हत्या, म्हणून पहिल्या फ्रेटवर तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागायचा, आणि एफ नेमका तिथेच असतो. शिवाय तार इतकी खाली दाबली की ती ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो. सुटी तार सुरात आणि कॉर्ड बेसूर, हे कोडं एवढंच होतं. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच पुढे ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत हवं, खरं तर किंचित जास्त. माझ्या गिटारीत ते तीन मिलिमीटर कमी होतं. म्हणजे ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवलेला. तानसेनाने वाजवली असती तरी ती सुरात वाजली नसती.

आता रेटिंगकडे या. तिला ४.३ तारे होते. रिव्ह्यू लिहा म्हणून नोटिफिकेशन कधी येतं? डिलिव्हरीनंतर दोन-तीन दिवसांत. मी असल्याच ॲपचं काम करून पोट भरतो, त्यामुळे ते कधी पाठवायचं हे कसं ठरतं ते मला ठाऊक आहे: माणूस खूश असतो तेव्हा विचारायचं. नवशिक्यांची गिटार घेणारा नवशिका असतो. तिसऱ्या दिवशी तो लिहिणार काय? "पॅकिंग छान, रंग फोटोत होता तसाच." मीही पाच तारे दिले होते! तीन महिन्यांनी तो गिटारला नाही, स्वतःला एक तारा देतो.

फेंडर कंपनीच्या प्रमुखांनीच मागे सांगितलं होतं, की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक वर्षभरात सोडून देतात. कंपनीने त्यावर शिकवणारं ॲप काढलं. चांगलंच आहे. पण सोडणाऱ्यांच्या हातात काय होतं, हे कोण मोजतंय?

स्वस्ताला माझा विरोध नाही. दहा हजार खिशात नसतात, माझ्याही नव्हते. माझा आक्षेप आहे तो न तपासता, न जुळवता विकण्याला. आमच्या सांगलीला लागून मिरज आहे. तिथला कारागीर तंबोऱ्याची जवारी काढल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. घोडीचा माथा घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचा. गिटारीच्या नटच्या खाचाही अशाच हाताने कापाव्या लागतात. २,१९९ रुपयांत या अर्ध्या तासाचे पैसे नव्हते. बॅगेचे आणि पुस्तकाचे मात्र होते.

आणि "नवशिक्याला काहीही चालतं" हे तर साफ उलटं आहे. मुरलेला वादक वाईट गिटारीशी जुळवून घेतो, तिची खोड ओळखतो. नवशिक्याला दोष कुणाचा हेच कळत नाही, म्हणून तो स्वतःवर घेतो. बारावीनंतर गिटार घेऊ पाहणाऱ्या माझ्या मामेभावाला मी म्हणूनच सांगितलं, जुनी घे, पण दुकानात जाऊन घे, वाजवता येणाऱ्याला सोबत ने, आणि खिशात पट्टी ठेव.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना ती गिटार आणि पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही अंतरं स्वतः मोजली, दोनदा. मग म्हणाले, "परत करता येईल का रे?"

"सात दिवसांची मुदत होती, बाबा."