कृतघ्न कोण?

जेक स्कॉट यांनीं दिग्दर्शित केलेला ‘वेलकम टु द रायलीज’ हा अमेरिकन बोलपट २०१० सालीं सनडान्स येथील महोत्सवांत प्रथम दाखविला गेला. तो पाहिलेल्या पुष्कळांच्या तोंडून आम्हीं एकच उद्गार ऐकला : ‘एवढें सगळें केलें, आणि शेवटीं पोरगी कृतघ्नच निघाली!’ हा उद्गार काढणारीं माणसें दुष्ट नाहींत. शिकलेलीं, मुलाबाळांचीं माणसें आहेत. म्हणूनच त्यांच्याशीं भांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कथा अशी. डग रायली हा इंडियानापोलिस येथील नळसामानाचा व्यापारी. त्याची मुलगी एमिली मोटारीच्या अपघातांत गेली. तेव्हांपासून त्याची पत्नी लोइस हिनें घराचा उंबरठा ओलांडलेला नाहीं. एके दिवशीं दफनभूमींत गेला असतां लेकीच्या थडग्याशेजारीं स्वतःचें व पत्नीचें नांव कोरलेली शिला त्याला दिसते. पत्नीनें ती जिवंतपणींच करवून ठेविलेली! पुढें व्यापाऱ्यांच्या परिषदेसाठीं तो न्यू ऑर्लिन्सला जातो. तेथें नग्ननृत्याच्या एका अड्ड्यावर नाचणारी, देहविक्रय करून पोट भरणारी सोळा वर्षांची मॅलरी त्याला भेटते, आणि तो घरीं परतण्याचें नांवच घेत नाहीं. रोजचे १०० डॉलर देऊन तो तिच्याच मोडक्या घरांत राहूं लागतो, डागडुजी करतो. तिच्या देहाची अपेक्षा मात्र करीत नाहीं. मागाहून लोइसही स्वतः मोटार हांकीत तेथें येऊन ठेपते.

आतां आमचा प्रश्न असा : मॅलरीनें मागितलें काय होतें? शंभर डॉलरांचा व्यवहार तिनें पत्करला, इतकेंच. ‘मला कन्या करून घ्या’ असा अर्ज तिनें कोणाकडेही केला नव्हता. रिकामी झालेली जागा रायलींच्या घरांतली. ती भरण्याचें काम या पोरीवर कोणीं सोंपविलें? उपकारांचा हिशेब मांडावयाचाच, तर तो नीट मांडावा. तिच्यामुळें एक स्त्री घराबाहेर पडली, दुरावलेले पति-पत्नी पुन्हां एकमेकांशीं बोलूं लागले. मॅलरीच्या पदरांत काय पडलें? दुरुस्त केलेलें घर आणि चांगल्या वळणाचे चार धडे.

कोणी म्हणेल, मग त्या अजाण मुलीला तशीच चिखलांत सोडावयाची होती काय? मुळींच नाहीं. तिला आसरा देणें, औषधपाणी करणें, तिचा बाजार मांडणाऱ्यांस शासन करणें हें समाजाचें कर्तव्यच आहे. पण तें तिचें स्वतःचें येणें आहे. दुसऱ्याच्या मेलेल्या मुलीचें नांव तिला चिकटवून तें चुकतें करतां येत नाहीं. ही आपली एमिली नव्हे, हें रायली दांपत्यास शेवटीं उमगतें. मॅलरी निघून जाते. पुढें दूरध्वनि करते, परत मात्र येत नाहीं. हा शेवट ज्यांस अपुरा वाटतो त्यांस खुशाल वाटो. बोलपटांतला सर्वांत सच्चा भाग आमच्या मतें तोच.

खोटा भाग निराळाच आहे. वर्षानुवर्षें दाराबाहेर पाऊल न टाकलेली बाई शेंकडों मैलांचा प्रवास एकटीनें करते, आणि दिग्दर्शक तिच्या मोटारीच्या फजितीवर आम्हांस हंसवूं पाहतात! असला आजार इतक्या सहजासहजीं हटत नाहीं. मेलिसा लिओ यांच्या संयत अभिनयानें तो प्रसंग कसाबसा तगतो. जेम्स गॅन्डोल्फिनी २०१३ सालीं वारले. गुंडांच्या टोळीचा नायक म्हणून दूरचित्रवाणीवर गाजलेला हा धिप्पाड नट येथें बापाचें दुःख जवळजवळ न बोलतां वागवितो, तें पाहण्याजोगें आहे. क्रिस्टेन स्ट्यूअर्ट यांची मॅलरी तर कोठेंच दयेची भीक मागत नाहीं. आमच्या मित्रांस ती रुचली नाहीं, याचें कारण कदाचित् हेंच असावें. ती रडून पायां पडली असती, तर तिला घरची सून करून घेण्याचीही शिफारस त्यांनीं केली असती. अर्थात् दुसऱ्याच्या घरची.