रकान्यातला बाप

बाल कल्याण समितीपुढे मूल आले की त्याच्या घरची चौकशी होते. समाजकार्यकर्ता वस्तीत जातो, आईशी, आजीशी, शेजाऱ्यांशी बोलतो आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितो. अहवालाच्या छापील नमुन्यात घरातल्या प्रत्येकाचे वय, शिक्षण, उत्पन्न, आजारपण असे रकाने असतात आणि त्यांतच एक व्यसनांचा. बापाच्या नावापुढे तिथे ‘दारू’ एवढा शब्द पडतो. मग आई सांभाळेल का, मामा घेईल का, की बालगृहात पाठवायचे, यावर चर्चा होते. ज्याच्या पिण्याने घर इथवर आले, त्याला उपचाराला कोण नेणार, हे बहुतेकदा कुणी विचारतच नाही.

पिणारा बापच असणार, हे गृहीत धरायला आधार आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २७.३ टक्के पुरुष दारू पिणारे निघाले, स्त्रिया १.६ टक्के. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता.

कायद्याची आडकाठी म्हणावी, तर तीही नाही. २०१५चा बाल न्याय कायदा मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबावर टाकतो आणि संस्था हा शेवटचा उपाय मानतो. समितीला देखरेखीखाली मूल घरी पाठवता येते, पुनर्वसनासाठी व्यक्तींना आणि संस्थांना निर्देशही देता येतात. पण समिती महिला व बालविकास खात्याची आणि व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याची. दारूचा महसूल गोळा करणारे खाते तिसरेच. त्याचे काम मात्र कधी अडल्याचे ऐकिवात नाही.

लंडनमध्ये न्यायाधीश निकोलस क्रिक्टन यांनी ही कोंडी २००८ साली फोडली. एकाच आईची एकामागून एक मुले काढून घेण्याचे आदेश देऊन ते विटले होते. त्यांनी व्यसनी पालकांच्या प्रकरणांसाठी वेगळे कौटुंबिक न्यायालय सुरू केले. तिथे समाजकार्यकर्ते, व्यसनतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांचा गट न्यायालयालाच जोडलेला असतो. प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच न्यायाधीशापुढे चालते. दर पंधरवड्याला आई-बाप वकिलाशिवाय त्याच्यासमोर बसतात. तपासणीत काय निघाले, पिण्याची ओढ कधी लागली, मुलाची भेट कशी झाली, हे थेट बोलतात.

ब्रुनेल विद्यापीठाच्या जुडिथ हार्विन यांच्या गटाने २०१४मध्ये या प्रकरणांची साध्या न्यायालयांतल्या प्रकरणांशी तुलना केली. प्रकरण संपेपर्यंत साध्या न्यायालयांतले ५ टक्के बाप नशेतून सुटले होते, इथले २५ टक्के. आयांमध्ये हे आकडे २५ आणि ४० होते. म्हणजे इतके करूनही चारातले तीन बाप सुटले नाहीत. पण एरवी विसात एक सुटतो, तिथे पाच सुटले. बापाला काही सांगून उपयोग नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा.

आपल्याकडच्या अडचणी वेगळ्या आहेत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात निवासी उपचाराला महिनाभराहून अधिक काळ लागतो. रोजंदारीवरच्या माणसाची तेवढी मजुरी बुडाली तर घरात चूल कशी पेटायची? त्यात ‘व्यसनी’ असा शिक्का बसला की मूल कायमचे जाईल ही भीती. म्हणून तो समितीपुढे येतच नाही, किंवा आला तर ‘कधीतरी घेतो’ म्हणतो. उपचाराला तयार होणे हा त्याच्या बाजूचा पुरावा धरला जाईल, हे समितीने त्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

मारहाण करणाऱ्या बापाचे काय, हा आक्षेप रास्त आहे. दारू सुटली म्हणजे हात आवरला, असे होत नाही. तिथे आई-मुलाचे संरक्षण आधी. भेट झालीच तर ती देखरेखीखाली. बापाच्या हिंसेवर वेगळे काम करावे लागते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ला स्टोव्हर यांनी तयार केलेल्या पद्धतीत व्यसन आणि हिंसा यांवर एकत्रच काम होते आणि सुरुवात ‘तुला कसा बाप व्हायचंय’ इथून होते. मूल परत मिळण्याची आशा ही उपचाराला लावणारी मोठी ओढ आहे. ती आपण वाया घालवतो.

कायद्याने समितीला अंतिम आदेशासाठी चार महिने दिले आहेत. निवासी उपचार आणि नंतरचे काही फॉलोअप त्यात सहज बसतात. मध्येच एखादे वेळी पुन्हा घेतली म्हणून सगळे मोडीत काढू नये, हे व्यसनमुक्तीत काम करणारे कुणीही सांगेल. तेव्हा दोन्ही खात्यांनी निदान एका जिल्ह्यात सुरुवात करावी. समितीच्या बैठकीला व्यसनमुक्ती समुपदेशक बसवावा, जवळच्या केंद्रात या बापांसाठी खाटा राखाव्यात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेतले महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व बाप उपचारात असेतोवर त्या घराला मिळेल, असे निकष करावेत. बालगृहात एक मूल वर्षानुवर्षे सांभाळण्यापेक्षा हा खर्च बहुधा कमीच येईल.