न्यूबेरीच्या बाजूने

पुरस्कार मिळालेल्या मुलांच्या कादंबऱ्यांबद्दल एक मत इतक्या सहजपणे मांडलं जातं, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटेनासं झालं आहे. अमेरिकेत मुलं शिकत असलेले मराठी पालक ते बोलतात. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचे पालकही बोलतात. मत असं : न्यूबेरी पदक मिळालेली पुस्तकं उदास असतात. त्यांत कुणाची तरी आई गेलेली असते, नाहीतर शेवटी कुत्रा मरतो. ती मोठ्यांनी निवडलेली, मोठ्यांच्याच आवडीची पुस्तकं. मुलं ती आपणहून हातात घेत नाहीत. तेव्हा मुलांच्या पुस्तकांचे पुरस्कार मुलांच्या पसंतीनेच ठरवावेत.

हे केवळ घरगुती मत नाही. 2008 साली अनिता सिल्व्ही या जाणत्या समीक्षकेने 'स्कूल लायब्ररी जर्नल'मध्ये न्यूबेरी वाट चुकलं आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला होता आणि त्यावर अमेरिकेतल्या ग्रंथपालांत बराच वाद झाला. पूर्वपक्ष भक्कम आहे, हे मान्य करूनच मी त्याच्या विरोधात लिहितो आहे. यातलं पहिलं विधान खोटं आहे, दुसरं अर्धवट आहे, आणि शेवटची मागणी मान्य झाली तर नुकसान मुलांचंच आहे.

आधी हे पदक काय आहे ते पाहू. फ्रेडरिक मेल्चर यांनी 1921 साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांपुढे कल्पना मांडली आणि 1922 साली पहिलं पदक दिलं गेलं. नाव दिलं अठराव्या शतकातल्या लंडनच्या जॉन न्यूबेरी या पुस्तकविक्रेत्या-प्रकाशकाचं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या बालविभागाची पंधरा जणांची समिती दरवर्षी एका पुस्तकाला पदक देते, आणखी काही पुस्तकांना 'ऑनर' म्हणून गौरवते. वाचक चौदा वर्षांपर्यंतचा धरलेला आहे, पण व्यवहारात पदक बहुतेक वेळा आपल्या चौथी ते आठवीच्या मुलांजोग्या कादंबरीला जातं. समितीच्या नियमांत एक गोष्ट स्पष्टपणे लिहिलेली आहे : हे पदक बोधासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही, साहित्यगुणांसाठी आहे. या एका नियमावर सगळा वाद उभा आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता कुत्र्याकडे येऊ, कारण आरोप करणाऱ्यांचा तो लाडका पुरावा आहे. 1970 साली पदक मिळालेल्या 'साउंडर'मध्ये कुत्रा मरतो, हे खरं. पण 1952 सालच्या 'जिंजर पाय'मध्ये चोरीला गेलेलं पिल्लू घरी परत येतं. 1992 सालच्या 'शायलो'मध्ये एक मुलगा मारकुट्या मालकाच्या तावडीतून कुत्र्याला सोडवतो आणि तो कुत्रा जगतो. 2024 सालच्या 'द आइज अँड द इम्पॉसिबल'मध्ये तर समुद्राकाठच्या उद्यानात मोकळा धावणारा कुत्राच आपली गोष्ट सांगतो. यादी न वाचता यादीवर बोलण्याची सवय लागली की असं होतं.

उदासपणाचंही तेच. 1968 साली ई. एल. कोनिग्सबर्ग यांच्या ज्या कादंबरीला पदक मिळालं, तिच्यात क्लॉडिया आणि जेमी ही बहीणभावंडं घरातून पळून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मुक्काम ठोकतात, जुन्या राजेशाही पलंगावर झोपतात, कारंज्यात आंघोळ करतात आणि लोकांनी पाण्यात टाकलेली नाणी गोळा करून जेवणाचा खर्च भागवतात. 1999 सालच्या लुई साकर यांच्या 'होल्स'मध्ये न केलेल्या चोरीसाठी स्टॅन्लीला टेक्ससमधल्या ओसाड छावणीत धाडतात. तिथे प्रत्येक मुलाने रोज पाच फूट खोल आणि पाच फूट रुंद खड्डा खणायचा, माप घ्यायचं ते हातातल्या फावड्यानेच. ही गोष्ट क्रूर आहे, मजेदार आहे आणि घड्याळाच्या यंत्रासारखी एकात एक बसवलेली आहे. चार पिढ्यांपूर्वीचा शाप, कांदे, सरडे, चोरीचे बूट, काहीच वाया जात नाही. ती मुलं आपणहून वाचतात. 2020 साली पदक मिळालेलं जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड' हे तर चित्रकादंबरीचं पुस्तक. मोठ्यांच्या तथाकथित गंभीर आवडीत हे सगळं कसं बसलं, ते आरोप करणाऱ्यांनी सांगावं.

पण यादीत खरोखरच दुःखाची पुस्तकं आहेत, आणि त्यांची बाजू घ्यायला मला संकोच वाटत नाही. कॅथरीन पॅटरसन यांच्या 'ब्रिज टू तेराबिथिया'ला 1978 साली पदक मिळालं. त्यांच्या मुलाची, डेव्हिडची, लहानगी मैत्रीण 1974 साली वीज पडून गेली होती. त्या मुलाला काय सांगायचं हे न कळलेल्या आईने ही कादंबरी लिहिली. कादंबरीत जेस आणि लेस्ली ओढ्यापलीकडच्या रानात आपलं राज्य वसवतात, दोरीला लटकून ओढा पार करतात. एके दिवशी जेस लेस्लीला न सांगता आवडत्या बाईंबरोबर वॉशिंग्टनमधली चित्रं पाहायला जातो. त्याच दिवशी दोरी तुटते आणि लेस्ली मरते.

पुढची पानं मी मोठ्यांच्या कित्येक कादंबऱ्यांच्या वर ठेवीन. जेस आधी विश्वासच ठेवत नाही. सकाळी उठून पॅनकेक खातो आणि त्याला ते चविष्ट लागतात. त्याच्या मनात येतं, आता पाचवीत सगळ्यांत जोरात पळणारा मीच. लेस्लीने दिलेले रंग तो ओढ्यात भिरकावतो. मूल असंच वागतं. मैत्रीण गेल्याचं दुःख आणि शर्यत जिंकल्याचा हिशेब त्याच्या डोक्यात एकाच वेळी चालतो, आणि मग त्या हिशेबाची त्याला आयुष्यभर पुरेल इतकी लाज वाटते. घरातली माणसं त्याला म्हणतात, रडू नकोस, देवाघरी गेली. पॅटरसन त्याला सांगतात की तुझ्या मनात आलं ते दुसऱ्याच्याही मनात येतं. ही पानं मोठ्यांच्या समाधानासाठी लिहिली असती तर जेस पहिल्या क्षणापासून रडत बसला असता. गंमत म्हणजे ज्या पुस्तकावर 'मोठ्यांच्या आवडीचं' असा शिक्का आहे, तेच शाळांतून काढून टाका अशी मागणी मोठ्यांनीच इतक्या वेळा केली, की 1990 ते 1999 या दशकात सर्वाधिक आक्षेप आलेल्या पहिल्या दहा पुस्तकांत त्याचं नाव होतं.

न्यूबेरीच्या विरोधात सगळ्यांत वजनदार साक्षीदार म्हणून 'शार्लट्स वेब'ला उभं केलं जातं. 1953 साली ई. बी. व्हाइट यांचं हे पुस्तक ऑनरवर थांबलं आणि पदक 'सीक्रेट ऑफ द अँडीज'ला गेलं. आज शार्लट घरोघरी आहे. दुसरं पुस्तक शोधावं लागतं. ती समितीची चूक होती, हे मी मान्य करतो. मात्र ही चूक साहित्यगुण ओळखण्यातली होती. लोकप्रियता मोजायची राहिली म्हणून ती झाली नाही. शिवाय हा साक्षीदार आरोपकर्त्यांवरच उलटतो. अमेरिकेतल्या मुलांच्या इतक्या लाडक्या पुस्तकाचा शेवट काय आहे? शार्लट मरते, जत्रेच्या रिकाम्या मैदानात, एकटी. मुलांना दुःखाची पुस्तकं नको असतात आणि मुलांना शार्लट हवी असते, ही दोन विधानं एका तोंडाने करता येत नाहीत.

आणि मराठी घरांनी तर हा आरोप करूच नये. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, 1935 साली ती पुस्तकरूपाने आली. तिच्यात कर्ज आहे, जप्ती आहे, उपासमार आहे आणि शेवटी आईचा मृत्यू आहे. अत्र्यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला 1954 साली राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. महाराष्ट्र शासन मुलांच्या कादंबरीला जो वाङ्मय पुरस्कार देतं, तो साने गुरुजींच्याच नावाचा आहे. ज्या आज्यांनी आणि आयांनी ते पुस्तक रडत रडत वाचलं आणि पुढच्या पिढीच्या हाती दिलं, त्यांच्या घरात परदेशी मुलीच्या मृत्यूची कादंबरी आली की ती 'डिप्रेसिंग' कशी होते?

'मोठ्यांनी निवडलेली' या आक्षेपाकडे वळतो. मुलांच्या हाती पडणारं प्रत्येक पुस्तक मोठ्यांनीच निवडलेलं असतं. छापायचं कोणतं हे प्रकाशक ठरवतो, दर्शनी फळीवर कोणतं मांडायचं हे दुकानदार ठरवतो, पैसे आईबाप देतात. न्यूबेरीच्या समितीत निदान दिवसभर मुलांमध्ये पुस्तकं घेऊन वावरणारी माणसं असतात आणि विक्रीत त्यांचा वाटा नसतो. बाजार जे खपतं तेच पुढे ढकलतो. त्यात पाप नाही, पण खपणाऱ्या पुस्तकाला पदकाची गरजही नाही. पदक उपयोगी पडतं ते अनोळखी पुस्तकाला. मॅडलिन लेंगल यांचं 'अ रिंकल इन टाइम' वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारलं होतं, मुलांना ते झेपणार नाही म्हणून. 1963 साली त्याला न्यूबेरी मिळालं आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी ते झेपवून दाखवलं. पसंतीची मतपेटी ठेवली तर आधीच माहीत असलेलं पुस्तकच जिंकणार, कारण न वाचलेल्या पुस्तकाला कुणी मत देऊ शकत नाही.

मुलं ही पुस्तकं आपणहून वाचत नाहीत, या तक्रारीत मात्र तथ्य आहे, फक्त गुन्हेगार दुसरा आहे. पदकाचा सोनेरी शिक्का दिसला की शाळा ते पुस्तक अभ्यासाला लावते. मग धडा संपला की प्रश्न, प्रश्न संपले की प्रश्नमंजूषा, पुस्तकाला लेव्हल आणि वाचनाला गुण. आपले पालक त्यात भर घालतात. शब्दसंग्रह वाढेल म्हणून पाच पुस्तकं एकदम मागवतात आणि रोज किती पानं झाली ते विचारतात. या रीतीने 'फास्टर फेणे' वाचायला लावला तरी मूल त्याचा कंटाळा करील.

जुन्या यादीला खरे डाग आहेत, तेही सांगायला हवेत. 1923 सालच्या 'डॉक्टर डूलिटल'च्या पुस्तकात आफ्रिकन माणसाचं चित्रण अपमानास्पद होतं. पुढच्या आवृत्त्यांत ते बदलावं लागलं. तिथल्या ग्रंथपालांनीच हे दोष काढून दाखवले. त्याच जुन्या यादीत कलकत्त्याजवळ जन्मलेल्या धनगोपाल मुखर्जींची, चित्रग्रीव नावाच्या कबुतराची, 1928 साली पदक मिळालेली कथाही आहे.

खंडन इथे पुरे. हे पदक का हवं, ते मिल्ड्रेड टेलर यांच्या 1977 सालच्या 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय'मधल्या एका प्रसंगावरून सांगतो. मिसिसिपी, 1933. काळ्या मुलांच्या शाळेचा पहिला दिवस. सहा वर्षांचा लिटल मॅन आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक मिळणार म्हणून हरखलेला आहे. मिळालेलं पुस्तक मळकं, फाटकं. तरीही तो ते उघडतो. आतल्या कव्हरवर तक्ता आहे : कोणत्या साली दिलं, पुस्तकाची अवस्था, विद्यार्थ्याचा वंश. अकरा ओळी गोऱ्या मुलांच्या. पुस्तक नव्याचं जुनं होत होत 'अत्यंत वाईट' अवस्थेला पोचतं, आणि बाराव्या ओळीत ते काळ्या मुलाच्या वाट्याला येतं, हिणवणारा शब्द वापरून. लिटल मॅनला वाचता येतं, हे इथे महत्त्वाचं आहे. तो पुस्तक जमिनीवर आपटतो, त्यावर पाय आपटतो आणि छड्या खातो. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका. ती नंतर शांतपणे कागद कापून त्या तक्त्यावर चिकटवत बसते.

बारा वर्षांच्या मुलाला विषमता समजावणारे पन्नास धडे लिहिता येतील, पण त्या तक्त्याच्या बाराव्या ओळीपुढे ते उभे राहणार नाहीत. टेलर कुठेही थांबून सांगत नाहीत की हे अन्यायाचं आहे. मूल ते स्वतः वाचतं आणि स्वतः संतापतं. वाचकाला एवढं मोठं मानणारी कादंबरी लिहायला धैर्य लागतं, आणि असं धैर्य दाखवणाऱ्या लेखकामागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. पदकाचं काम ते आहे. पदक मिळालेलं पुस्तक प्रकाशक सहसा छापत राहतो, ग्रंथालयं घेत राहतात, आणि पन्नास वर्षांनी जन्मलेल्या मुलालाही ते फळीवर सापडतं.

2019 साली ऑनर मिळालेली वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी' तर आपल्या शेजारची आहे. सिंधमधल्या मीरपूर खासची बारा वर्षांची निशा, बाप हिंदू डॉक्टर, तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली आई मुसलमान. 1947 साली घर सोडावं लागतं आणि निशा रोज रात्री वहीत आईला लिहिते : घरचा आचारी काझी मागे राहिला, त्याने दिलेला खलबत्ता बरोबर आहे, वाटेत पाणी संपलं. कल्याणच्या छावणीत उतरलेल्या आणि उल्हासनगर वसवणाऱ्या सिंधी कुटुंबांतल्या मुलांनी हेच पाहिलेलं होतं. त्यांच्या नातवंडांबरोबर एका वर्गात बसणाऱ्या मराठी मुलांसाठी असं पुस्तक मराठीत कुणी लिहावं, हे मला फार मनापासून वाटतं.

लिहिणारे आपल्याकडे आहेत. पुरस्कारही आहेत, शासनाचे आहेत, साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून आहे. कमी पडतो तो पुढचा भाग. पुरस्काराची बातमी छापून येते, सत्कार होतो, आणि महिन्याभराने ते पुस्तक मागायला गेलेल्या मुलाला दुकानात ते मिळत नाही, शाळेच्या कपाटात तर नाहीच. दुसरीकडे परीक्षणं अजून 'यातून मुलांवर कोणते संस्कार होतील' याच प्रश्नाने सुरू होतात. तेव्हा मागण्या दोन आहेत. पुरस्कार मिळालेली कुमार कादंबरी किमान दहा वर्षं छापील राहील आणि प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात असेल, अशी तजवीज पुरस्कार देणाऱ्यांनी पैशांच्या पाकिटाबरोबरच करावी. आणि न्यूबेरीच्या समितीने लिहून ठेवलेला तो नियम, बोधासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही, आपल्या परीक्षकांच्या पत्रात पहिल्या ओळीत छापावा.