सही एक नको, तीन हव्यात



अभ्यासासाठी कोणी गावात आले की मातीचा नमुना नेतात, घरच्या ज्वारीचे मूठभर बियाणे मागतात, कपाशीच्या फवारणीचा खर्च वहीत उतरवतात. आपण सही करून मोकळे होतो. अभ्यास संपतो. वही आणि बियाणे मात्र राहते. ते पुढे कोणाच्या हाती जाते, हे विचारण्याचा रिवाज आपल्याकडे नाही.

प्रश्न किरकोळ नाही. डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात छत्तीसगडच्या शेतकऱ्यांकडून भाताच्या हजारो वाणांचे नमुने गोळा केले. पुढे सुमारे १९ हजार नमुन्यांचा हा ठेवा रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ साली विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी त्यावर संयुक्त संशोधन करण्याचा घाट घातला. ज्यांनी बियाणे दिले त्यांना विचारले नव्हते. लोकांनी आवाज उठवला आणि त्याच डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

नमुने देऊच नका, असे मी म्हणत नाही. आपली मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडली गेली. तिने कोरडवाहू शेतकऱ्याला साथच दिली. जुने नमुने, जुने आकडे पुन्हा वापरले तर संशोधनाचा खर्च वाचतो, हे मी कृषी पदवीधर म्हणून जाणतो. पण वापर बदलला की परवानगीही नव्याने हवी.

कायदा थोडा आपल्या बाजूने आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात कलम ४० आहे. आदिवासी वा ग्रामीण कुटुंबांनी जपलेले बियाणे नव्या वाणात वापरले, तर नोंदणीच्या अर्जात तसे सांगावे लागते. कलम ४१ प्रमाणे गावाच्या वतीने दावा करता येतो. पण नमुना कोणी, कधी, कशासाठी नेला याचा कागदच गावात नसेल, तर दावा कशाच्या आधारावर करणार?

म्हणून तीन सह्या वेगळ्या घ्या. पहिली या अभ्यासापुरती, दुसरी पुढच्या संशोधनासाठी, तिसरी कंपनीला देण्यासाठी. एकीला होकार आणि दुसरीला नकार देता आला पाहिजे. नाव आणि गट नंबर काढून आकडे सरासरीत मिसळले की ते परत घेता येत नाहीत, हेही सहीच्या आधीच सांगितले पाहिजे. मराठीतली प्रत घरात राहिली पाहिजे.

या मागणीचा ठराव येत्या जिल्हा बैठकीत मांडा आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक संशोधन केंद्राला त्याची प्रत द्या.