असर ते मगरिब

संध्याकाळी आपल्या कोणत्याही मोहल्ल्यात फेरी मारा. गल्लीत क्रिकेट चालू असते. दुचाकी आली की थांबते, गेली की पुन्हा सुरू. खेळणारे सगळे मुलगे. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुली अधूनमधून दिसतात, त्यापुढच्या दिसत नाहीत. त्या घरात असतात, आणि पोरी दिवसभर मोबाइल घेऊन बसतात ही तक्रारही आपणच करतो.

सगळे खापर मोबाइलवर फोडणे मला पटत नाही. मुलांचा दिवस मोजून पाहा. शाळेत पाच-सहा तास, मग ट्यूशन, मग मकतब. तिन्ही ठिकाणी बसूनच. उरतो असर ते मगरिबचा वेळ, थंडीत तर जेमतेम तास-सव्वा तास. काही ठिकाणी मकतब नेमका तेव्हाच भरतो.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. 146 देशांच्या आकडेवारीनुसार 2016 मध्ये 11 ते 17 वयोगटातील 81 टक्के मुलांची तेवढी होत नव्हती. मुलगे 78 टक्के, मुली 85. म्हणजे दुखणे जगाचेच आहे. पण हाडे भरण्याचे वय हेच, आणि नेमके तेव्हाच आपण मुलींना उन्हातून आणि मैदानातून घरात घेतो.

याला धर्माचा आधार देणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: पैगंबर मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली, हे अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले. ही हदीस आपल्या बयानात किती वेळा येते?

निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 मध्ये मुष्टियुद्धात जगज्जेती झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी तिचा फोटो स्टेटसला ठेवला. चांगलेच केले. पण प्रत्येक घरातून निखत घडावी असे माझे म्हणणे नाही. जिला कधीच पदक मिळणार नाही, तिलाही घाम येईपर्यंत पळता यावे. मुंब्र्यात 'परचम' या गटाने मुलींचा फुटबॉल सुरू केला, त्यांच्यासाठी मैदान मागितले. तसे मागणारे गट प्रत्येक शहरात हवेत.

मागायचे कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे असे लिहिले आहे. जिथे ते आहे, तिथे शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते. सरकारी आणि पालिकेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असे कायदाच सांगतो. तुमच्या अम्मी किंवा खाला त्या समितीत असतील, तर पुढच्या बैठकीत दोनच विषय मांडायला सांगा: आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान फक्त मुलींसाठी उघडे राहावे, आणि किल्ली कोणाकडे असेल ते त्याच बैठकीत ठरावे. मकतबची वेळ तासभर पुढेमागे करण्याचे मौलाना साहेबांशी तुम्हीच बोला. ते ऐकतील, निदान काही जण तरी.