न्यायमूर्ती हार्लन आणि साठ मुले

दिवाळीच्या फराळाशेजारी कोर्टाचे कागद मांडू नयेत, हे मला कळते. पण मी पडलो शाळामास्तर. शाळा बंद पाडल्याची हकीकत वाचली की घशाखाली चकली उतरत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांची आरती कायद्याचे पंडित मोठ्या भक्तीने म्हणतात. हार्लन केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घरातले. गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीलाही आधी त्यांचा विरोध होता. पुढे मन पालटले. 1877 साली ते न्यायासनावर आले. 1896 साली काळ्यांना आगगाडीत वेगळे बसवणारा लुइझियानाचा कायदा सात न्यायमूर्तींनी उचलून धरला, तेव्हा एकट्या हार्लननी विरोधी मत लिहिले. राज्यघटना माणसाचा रंग पाहत नाही, असे त्यांनी बजावले. शाबास! तिथे मीही हात जोडतो.

आरती मात्र इथेच संपवतात. पुढचे पान उलटायचे नाही!

पुढचे पान 1899 चे आहे. जॉर्जियातल्या ऑगस्टा गावच्या शाळामंडळाने 1897 साली काळ्या मुलांचे हायस्कूल बंद केले. मुले साठ. कारण काय, तर तीनशे लहान काळ्या मुलांच्या प्राथमिक शाळेला जागा आणि पैसा हवा. गोऱ्या मुलींचे हायस्कूल मात्र चालूच, आणि त्यासाठी कर काळ्या पालकांनीही भरायचा. पालक वॉशिंग्टनपर्यंत भांडत गेले. निकाल एकमताने त्यांच्याविरुद्ध लागला आणि तो लिहिला हार्लननी. मंडळाने पैशाच्या अडचणीतून हे केले, आणि शाळा हा राज्यांचा प्रश्न, म्हणाले.

भक्त म्हणतात, पालकांनी मागणीच चुकीची केली. गोऱ्यांच्या हायस्कुलाचा पैसा अडवून काळ्यांना काय मिळणार होते? वा! आगगाडीच्या खटल्यात कायद्याच्या गोड शब्दांमागचा डाव सगळ्या जगाला ठाऊक आहे, असे लिहिणारे हेच गृहस्थ ना? मग पालकांना आपली शाळा परत हवी आहे, हे तेवढे त्यांना दिसू नये? विरोधी मताने कोणाला डब्यात जागा मिळाली नाही. इथे त्यांचा शब्द हाच कायदा होता, आणि त्या शब्दाने शाळेचे कुलूप कायम केले.

वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या 1954 साली. त्या साठांतले जे कोणी तेव्हा हयात असतील, ते सत्तरीला टेकले असतील.